एडवर्ड हिचकॉक

एडवर्ड हिचकॉक (२४ मे, इ.स. १७९३, डीअरफील्ड, मॅसेच्युसेट्स – २७ फेब्रुवारी, इ.स. १८६४, ॲमहर्स्ट, मॅसेच्युसेट्स) हे अमेरिकन भूवैज्ञानिक, धर्मोपदेशक आणि शिक्षणतज्ज्ञ होते. कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातील लाल वाळूच्या खडकांत आढळणाऱ्या प्राचीन पाऊलठशांचा त्यांनी सुमारे तीस वर्षे अभ्यास केला. प्राण्यांच्या अश्मीभूत ठशांचे वर्णन, वर्गीकरण आणि अर्थनिर्णय करणाऱ्या पदचिन्हविज्ञान या शाखेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. हे ठसे प्राचीन महाकाय पक्ष्यांचे आहेत, असे त्यांचे मत होते. ते ठसे प्रामुख्याने डायनासोरांचे होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर सिद्ध झाले. असे असले तरी डायनासोर कसे चालत, हे समजून घेण्यासाठी लागणारी साधनसामग्री सर्वप्रथम त्यांच्याच संग्रहातून आणि नोंदींतून उपलब्ध झाली.

जन्म व बालपण

हिचकॉक यांचा जन्म डीअरफील्ड या गावी एका सामान्य स्थितीतील कुटुंबात झाला. त्यांचे वडील जस्टिन हिचकॉक हे टोप्या बनवण्याचा व्यवसाय करीत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी भाग घेतला होता. आई मर्सी ही हॉइट घराण्यातील होती. मामा इपॅफ्रस हॉइट यांना खगोलशास्त्राची आवड होती आणि त्यांच्या सहवासात लहान एडवर्ड यांच्या मनात विज्ञानाविषयी ओढ निर्माण झाली. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे त्यांना शेतीची कामे करीत गावातील डीअरफील्ड अकादमीत शिकावे लागले.

इ.स. १८११ मध्ये आकाशात एक तेजस्वी धूमकेतू दिसला. हिचकॉक यांनी अनेक रात्री जागून त्याची निरीक्षणे घेतली. हार्वर्ड येथे उच्च शिक्षण घेण्याची त्यांची तयारी चालू होती, परंतु आजारपणामुळे त्यांची दृष्टी क्षीण झाली आणि तो बेत कायमचा सोडून द्यावा लागला. त्यांना महाविद्यालयीन पदवी शिक्षण घेता आले नाही. पुढे खलाशांच्या उपयोगाच्या एका पंचांगातील गणिते तपासताना त्यांना अनेक चुका आढळल्या. त्या प्रसिद्ध केल्यामुळे प्रकाशकाशी त्यांचा वाद झाला आणि एक काटेकोर गणिती म्हणून त्यांचे नाव प्रथमच लोकांपुढे आले. येल विद्यापीठाने इ.स. १८१८ मध्ये त्यांना मानद पदवी दिली.

धर्मोपदेशक ते प्राध्यापक

दृष्टी गमावण्याच्या भीतीच्या काळात हिचकॉक धर्माकडे वळले. डीअरफील्ड अकादमीचे मुख्याध्यापकपद काही वर्षे सांभाळल्यानंतर इ.स. १८२१ मध्ये ते कॉनवे या गावच्या चर्चचे धर्मोपदेशक झाले. त्याच वर्षी त्यांचा ऑरा व्हाइट यांच्याशी विवाह झाला. ऑरा डीअरफील्ड अकादमीत शिक्षिका होत्या आणि निष्णात चित्रकारही होत्या. पतीच्या ग्रंथांसाठी त्यांनी वनस्पती, भूदृश्ये आणि जीवाश्म यांची शेकडो चित्रे काढली, तसेच वर्गात शिकवताना दाखवण्यासाठी कापडावर मोठे तक्ते रंगवले. त्या काळातील अमेरिकेतील आद्य स्त्री वैज्ञानिक-चित्रकारांत त्यांचा समावेश केला जातो.

प्रकृतीच्या तक्रारींमुळे हिचकॉक यांनी इ.स. १८२५ मध्ये कॉनवे सोडले. येल येथे बेंजामिन सिलिमन यांच्या हाताखाली रसायनशास्त्र व भूविज्ञानाचा अभ्यास करून ते त्याच वर्षी ॲमहर्स्ट महाविद्यालयात रसायनशास्त्र व निसर्गेतिहास या विषयांचे प्राध्यापक झाले. उरलेले सर्व आयुष्य त्यांनी याच संस्थेत व्यतीत केले. माउंट होल्योक या स्त्रीशिक्षण संस्थेच्या संस्थापक मेरी लायन यांनी हिचकॉक यांच्याकडे विज्ञानाचे धडे घेतले होते. लायन यांच्या निधनानंतर हिचकॉक यांनी त्यांचे चरित्र लिहिले.

भूवैज्ञानिक सर्वेक्षण

मॅसेच्युसेट्स शासनाने इ.स. १८३० मध्ये राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे काम हिचकॉक यांच्याकडे सोपवले. त्यांनी राज्यभर प्रवास करून खडक, खनिजे, माती आणि भूरूपे यांची पाहणी केली व इ.स. १८३३ मध्ये सविस्तर अहवाल सादर केला. राज्याच्या खर्चाने झालेल्या अमेरिकेतील आरंभीच्या सर्वेक्षणांपैकी हे एक महत्त्वाचे सर्वेक्षण होय. त्यात उपयुक्त खनिजांबरोबरच प्रदेशाच्या निसर्गसौंदर्याचेही वर्णन होते. दुसऱ्या सर्वेक्षणाचा अंतिम अहवाल इ.स. १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. इ.स. १८४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन भूवैज्ञानिकांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. याच संघटनेतून पुढे अमेरिकन विज्ञानोन्नती संस्था उदयास आली. त्यांचे भूविज्ञानाचे पाठ्यपुस्तक इ.स. १८४० मध्ये प्रकाशित झाले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

वाळूच्या खडकातील ठसे

कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातील लाल वालुकाश्म व शेल हे खडक सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक कालखंडाच्या आरंभी, एका खचदरीत साचलेल्या गाळापासून तयार झाले. दरीतील तळ्यांच्या काठी ओला चिखल पसरलेला असे. त्यावरून प्राणी चालत जात, ऊन पडले की चिखल वाळून कडक होई आणि नंतरच्या पुरात त्यावर गाळाचा नवा थर बसे. अशा रीतीने ठसे थरांमध्ये सुरक्षित राहिले. या खडकांत हाडे मात्र फारच क्वचित सापडतात.

साउथ हॅडली येथील प्लायनी मूडी या शेतकऱ्याच्या मुलाला इ.स. १८०२ च्या सुमारास शेत नांगरताना ठसे उमटलेली एक फरशी सापडली. घराच्या उंबऱ्यापाशी पायरी म्हणून ती काही काळ वापरात होती. पक्ष्याच्या पंजाशी असलेल्या साम्यामुळे या ठशांना लोक नोहाच्या नौकेतील कावळ्याची पावले म्हणत. ही फरशी पुढे हिचकॉक यांच्या संग्रहात आली.

इ.स. १८३५ मध्ये ग्रीनफील्ड गावात पदपथासाठी फरशा बसवण्याचे काम चालू होते. तेथे काम करणारे डेक्स्टर मार्श यांना फरशांवर तीन बोटांचे स्पष्ट ठसे दिसले. गावातील वैद्य जेम्स डीन यांनी त्यांचे महत्त्व ओळखून हिचकॉक यांना पत्र लिहिले. हिचकॉक यांचा प्रथम विश्वास बसला नाही. पाण्याच्या किंवा खडकाच्या क्रियेने अशा आकृती तयार होऊ शकतात, अशी त्यांना शंका होती. डीन यांनी ठशांचे साचे पाठवल्यावर ते स्वतः ग्रीनफील्डला गेले आणि त्यांची शंका फिटली. त्यानंतर त्यांनी खोऱ्यातील खाणी, नदीकाठ आणि गावांतील फरसबंद वाटा पिंजून काढल्या. इ.स. १८३६ मध्ये सिलिमन यांच्या विज्ञानविषयक नियतकालिकात त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या ठशांचे सात प्रकार पाडून ते सर्व पक्ष्यांचे असल्याचे प्रतिपादन केले. डायनासोर हा शब्द तेव्हा अस्तित्वातच नव्हता. रिचर्ड ओवेन यांनी तो इ.स. १८४२ मध्ये रूढ केला.

त्याच वर्षाच्या अखेरीस हिचकॉक यांनी वालुकाश्मातील पक्ष्यावर एक दीर्घ कविता टोपणनावाने एका मासिकात छापली. शास्त्रीय निबंधात न मांडता येणारी कल्पनाचित्रे त्यांनी या कवितेत रंगवली होती.

ठशांचे वाचन

हिचकॉक यांच्या कामाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांनी एकेका ठशाऐवजी सलग पाऊलवाटेवर भर दिला. एकच ठसा प्राण्याच्या पायाचा आकार सांगतो, पण एकामागोमाग उमटलेले ठसे त्याची चाल सांगतात. त्यांनी ठशांची लांबी, बोटांमधील कोन, दोन पावलांमधील अंतर आणि पाऊलवाटेची रुंदी यांची पद्धतशीर मोजमापे घेतली. डावे आणि उजवे पाऊल आलटून पालटून पडले असून दोन्ही जवळजवळ एका रेषेत आहेत, असे त्यांना बहुतेक वाटांवर आढळले. यावरून हे प्राणी दोन पायांवर चालत होते आणि त्यांचे पाय पालीसारखे बाजूला पसरलेले नसून शरीराच्या थेट खाली होते, असा निष्कर्ष निघतो.

काही ठशांत बोटांच्या पेरांखालील गाद्याही स्पष्ट उमटल्या होत्या. त्यांवरून आतल्या बोटात तीन, मधल्या बोटात चार आणि बाहेरच्या बोटात पाच हाडे असल्याचे दिसून येते. आजच्या पक्ष्यांच्या पायात हाच क्रम असतो. ठसे पक्ष्यांचेच आहेत, या मताला या साम्यामुळे मोठा आधार मिळाला.

एका ठशाचा दाब चिखलाच्या खालच्या थरांपर्यंत पोहोचतो आणि प्रत्येक थरात त्याची आकृती थोडी बदलत जाते, हेही हिचकॉक यांच्या लक्षात आले. खालच्या थरातील ठसा वरच्यापेक्षा पुसट असतो व त्याचा आकार फसवा असू शकतो. हे दाखवण्यासाठी त्यांनी एका दगडाचे थर सुटे करून ते पुस्तकाच्या पानांसारखे बिजागरीने जोडले. ठशांबरोबरच चिखलाला पडलेल्या भेगा आणि पावसाच्या थेंबांचे खळगे यांच्याही त्यांनी नोंदी ठेवल्या. त्यांवरून प्राणी चालून गेला तेव्हा जमीन किती ओली होती, याचा अंदाज बांधता येतो.

इ.स. १८४५ पासून त्यांनी केवळ ठशांना नावे न देता ते उमटवणाऱ्या प्राण्यांना नावे देण्यास सुरुवात केली. युब्रॉन्टीस, ग्रॅलेटर, ॲनोमीपस, ओटोझोम आणि बॅट्रॅकोपस ही त्यांनी दिलेली नावे आजही ठशांच्या प्रकारांसाठी वापरली जातात. ओटोझोमच्या एका प्रकाराला त्यांनी प्लायनी मूडी यांचे नाव दिले.

पक्षी की सरीसृप

हिचकॉक यांच्या निष्कर्षांवर सुरुवातीला अनेक भूवैज्ञानिकांनी शंका घेतली. इतक्या जुन्या खडकांत पक्षी असू शकतील, हे त्यांना पटत नव्हते. ज्या पक्ष्याचे पाऊल ३० सेंटिमीटरपेक्षा लांब आहे, तो आजच्या शहामृगाहूनही मोठा असावा लागेल, हीदेखील एक अडचण होती. अमेरिकन भूवैज्ञानिकांच्या संघटनेने नेमलेल्या समितीने प्रत्यक्ष पाहणी करून इ.स. १८४१ मध्ये हिचकॉक यांच्या बाजूने अभिप्राय दिला. त्यानंतर न्यूझीलंडमधील नामशेष झालेल्या मोआ या प्रचंड पक्ष्याचे ओवेन यांनी केलेले वर्णन प्रसिद्ध झाले. एवढे मोठे, न उडणारे पक्षी पृथ्वीवर खरोखर होऊन गेले, हे सिद्ध झाल्याने हिचकॉक यांचे मत बळकट झाले. विल्यम बकलंड व चार्ल्स लायल यांच्यासारख्या इंग्लंडमधील मान्यवर भूवैज्ञानिकांनीही या ठशांची दखल घेतली. चार्ल्स डार्विन यांनी हिचकॉक यांना पत्र पाठवून या शोधाचे महत्त्व मान्य केले.

तथापि काही ठसे पक्ष्यांच्या चौकटीत बसत नव्हते. ॲनोमीपसच्या काही ठशांत प्राणी खाली बसल्याच्या खुणा आहेत. तेथे मागच्या पायांच्या टाचांबरोबर पाच बोटांच्या लहान पुढच्या पायांचेही ठसे उमटले आहेत. काही वाटांवर शेपटी घासल्याच्या रेषा होत्या. पक्ष्याला पंजासारखे हात किंवा लांब शेपटी असत नाही. हिचकॉक यांनी हे पुरावे दडवले नाहीत. त्यांनी ते तपशीलवार छापले आणि अशा प्राण्यांसाठी वेगळे गट कल्पिले. खोऱ्यातील रॉझवेल फील्ड या शेतकऱ्याने अनेक वर्षे ठसे खणून काढले होते. हे सर्व ठसे सरीसृपांचेच असावेत, असे मत फील्ड यांनी उघडपणे मांडले.

प्राधान्याचा वाद

ठशांचा शोध नेमका कोणाचा, यावरून हिचकॉक आणि डीन यांच्यात मतभेद निर्माण झाले. ठशांचे स्वरूप आपण प्रथम ओळखले व हिचकॉक यांना कळवले, असे डीन यांचे म्हणणे होते. ठसे पाहणे ही एक गोष्ट आणि त्यांचे शास्त्रीय स्वरूप पुराव्यांनी सिद्ध करणे ही दुसरी, अशी हिचकॉक यांची भूमिका होती. इ.स. १८४४ मध्ये दोघांचीही बाजू सिलिमन यांच्या नियतकालिकात छापली गेली. डीन यांनी पुढे स्वतंत्रपणे अभ्यास चालू ठेवला. त्यांचे इ.स. १८५८ मध्ये निधन झाले आणि त्यांचा सचित्र ग्रंथ त्यानंतर इ.स. १८६१ मध्ये प्रकाशित झाला. मजुरी करून पोट भरणारे मार्श यांनीही स्वतःच्या कष्टाने मोठा संग्रह उभा केला होता. आज या विषयाच्या इतिहासात हिचकॉक यांच्याबरोबर मूडी, मार्श आणि डीन या तिघांचाही उल्लेख केला जातो.

महाविद्यालयाचे अध्यक्षपद

इ.स. १८४५ मध्ये हिचकॉक ॲमहर्स्ट महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. त्या वेळी संस्था कर्जात होती आणि विद्यार्थिसंख्या घटली होती. त्यांच्या कारकिर्दीत संस्थेची आर्थिक स्थिती सावरली व नव्या इमारती उभ्या राहिल्या. इ.स. १८५४ मध्ये अध्यक्षपद सोडून ते पुन्हा अध्यापनाकडे वळले. सॅम्युएल ॲपलटन यांच्या मृत्युपत्रातील निधीतून इ.स. १८५५ मध्ये महाविद्यालयात एक संग्रहालय बांधण्यात आले व ठशांच्या फरशा तेथे मांडण्यात आल्या. इ.स. १८५८ मध्ये मॅसेच्युसेट्स शासनाने त्यांचा न्यू इंग्लंडमधील पदचिन्हांवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शंभराहून अधिक प्रकारांचे वर्णन आहे. इ.स. १८५६ ते १८६१ या काळात त्यांनी व्हरमाँट राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचेही काम पाहिले.

धर्म आणि विज्ञान

हिचकॉक हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. पृथ्वीचे वय काही हजार वर्षे आहे, ही समजूत भूविज्ञानाच्या पुराव्यांपुढे टिकत नाही, हे त्यांनी स्वीकारले होते. बायबलमधील सृष्टीच्या आरंभाचे वर्णन आणि त्यानंतरची निर्मिती यांच्यामध्ये अतिदीर्घ काळ लोटला असावा, असा अर्थ लावून त्यांनी दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. भूविज्ञान आणि धर्म यांच्या संबंधावरील त्यांचा ग्रंथ इ.स. १८५१ मध्ये प्रकाशित झाला व तो मोठ्या प्रमाणावर वाचला गेला. त्यांच्या पाठ्यपुस्तकात प्राणी व वनस्पतींचा कालानुक्रम झाडाच्या रूपात दाखवणारा एक तक्ता होता. डार्विन यांचा उत्क्रांतिवाद त्यांना मान्य नव्हता. त्या सिद्धांताच्या प्रसिद्धीनंतरच्या आवृत्तीत हा तक्ता दिसत नाही.

अखेरचा काळ

इ.स. १८६१ मध्ये जर्मनीत आर्किऑप्टेरिक्सचा जीवाश्म सापडला. या प्राण्याला पिसे होती आणि त्याबरोबर लांब हाडांची शेपटीही होती. हिचकॉक यांना त्यात आपल्या कोड्याचे उत्तर दिसले. शेपटी असलेले पक्षी होऊन गेले असतील, तर ॲनोमीपसही पक्षीच असू शकतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. इ.स. १८६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या संस्थापक सदस्यांत त्यांची निवड झाली. त्याच वर्षी ऑरा यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षभराच्या आतच, २७ फेब्रुवारी, इ.स. १८६४ रोजी, ॲमहर्स्ट येथे हिचकॉक यांचा मृत्यू झाला. त्यांच्या ग्रंथाची पुरवणी त्यांचे पुत्र व भूवैज्ञानिक चार्ल्स हेन्री हिचकॉक यांनी इ.स. १८६५ मध्ये पूर्ण करून प्रसिद्ध केली. दुसरे पुत्र एडवर्ड हे ॲमहर्स्ट महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते.

मृत्यूनंतरचे संशोधन

हिचकॉक यांच्या निधनानंतर काही वर्षांतच थॉमस हक्सली यांनी डायनासोर आणि पक्षी यांच्या सांगाड्यांतील साम्य दाखवून दिले. काही डायनासोर मागच्या दोन पायांवर चालत, हेही स्पष्ट झाले. त्यामुळे कनेक्टिकट खोऱ्यातील तीन बोटांच्या ठशांचा उलगडा झाला. युब्रॉन्टीस हे मोठ्या व ग्रॅलेटर हे लहान मांसाहारी डायनासोरांचे ठसे मानले जातात. ॲनोमीपसचे ठसे शाकाहारी डायनासोरांचे, तर बॅट्रॅकोपसचे ठसे मगरींच्या प्राचीन नातेवाइकांचे असल्याचे समजले जाते. इ.स. १९१० मध्ये मिन्यॉन टॅलबट यांना साउथ हॅडलीजवळ पोडोकेसॉरस या लहान डायनासोरचा सांगाडा सापडला. इ.स. १९१७ मधील आगीत तो नष्ट झाला.

ठशांवरून वेग काढण्याची पद्धत इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकनील अलेक्झांडर यांनी इ.स. १९७६ मध्ये मांडली. पावलाच्या लांबीच्या सुमारे चौपट उंचीवर प्राण्याचा खुबा असतो, असे या पद्धतीत गृहीत धरतात. एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधील अंतराला या उंचीने भागल्यास चालीचा प्रकार कळतो. भागाकार २ पेक्षा कमी असल्यास प्राणी चालत होता आणि सुमारे ३ किंवा त्याहून अधिक असल्यास धावत होता, असे मानतात. उदाहरणार्थ, ३५ सेंटिमीटर लांबीचे पाऊल असलेल्या प्राण्याचा खुबा सुमारे १.४ मीटर उंचीवर येतो. त्याच्या एकाच पायाच्या दोन ठशांत २.५ मीटर अंतर असल्यास त्याचा वेग ताशी सुमारे ९ किलोमीटर भरतो. हिचकॉक यांनी शतकभरापूर्वी मोजलेली अंतरे नेमकी याच प्रकारची होती.

जॉन ऑस्ट्रम यांनी इ.स. १९७२ मध्ये होल्योक येथील ठशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील मोठ्या ठशांच्या बहुतेक वाटा एकाच दिशेने जातात. यावरून काही डायनासोर कळपाने हिंडत असावेत, असे मत त्यांनी मांडले. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज आहेत, या विचाराला ऑस्ट्रम यांच्याच संशोधनाने पुन्हा चालना मिळाली. हा विचार आता सर्वसाधारणपणे मान्य झाला आहे. त्यामुळे हिचकॉक यांनी ठशांत ओळखलेले पक्ष्यांशी साम्य खरे होते, असे म्हणता येते. त्यांनी ठरवलेला वर्ग चुकला, तरी पायाची रचना आणि चाल यांविषयीची त्यांची निरीक्षणे अचूक ठरली.

स्मृती

हिचकॉक यांचा संग्रह ॲमहर्स्ट महाविद्यालयाच्या बेनेस्की निसर्गेतिहास संग्रहालयात जतन केलेला आहे. डायनासोरांच्या ठशांच्या जगातील सर्वांत मोठ्या संग्रहांत त्याचा समावेश होतो. मूडी यांची फरशी आणि बिजागरीने जोडलेले दगडी पुस्तक हे या संग्रहाचे भाग आहेत. इ.स. १९६६ मध्ये कनेक्टिकट राज्यातील रॉकी हिल येथे एका इमारतीसाठी खोदकाम करताना सुमारे २,००० ठसे उघडे पडले. तेथे आता राज्य उद्यान आहे. कनेक्टिकट राज्याने इ.स. १९९१ मध्ये युब्रॉन्टीसला राज्यजीवाश्म म्हणून मान्यता दिली. हिमयुगाच्या अखेरीस कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या प्राचीन सरोवराला भूवैज्ञानिकांनी हिचकॉक सरोवर असे नाव दिले आहे.